उजवं पान

धायरी, पुणे
१८ जानेवारी २०२५

प्रिय खातून,

सहा वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि तेही कामासाठी. म्हणजे मी बदललेली नाही, हे तुला पहिल्याच ओळीत कळलं असेल.

फोन लागत नाही. तू माझा नंबरच बंद करून टाकला आहेस असं नीरजा म्हणाली. आईला न कळणाऱ्या गोष्टी मुलीला लगेच कळतात. म्हणून पोस्ट. तुझा विश्रांतवाडीचा पत्ता बुधवार पेठेतल्या तुमच्या जुन्या शेजाऱ्याकडून घेतला. कादरभाईंच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली आहेत.

काम असं. आपली बिअरची वही काढली आहे, निळ्या पुठ्ठ्याची. डाव्या पानावर मी, उजव्या पानावर तू. माझं पान नेहमीचं: तारीख, बाटलीचं नाव, रंग, फेस किती टिकला, चव, दहापैकी गुण. तुझ्या पानावर फक्त वास. १६ मार्च २०१३ला आपण बेल्जियमची काळसर डबेल उघडली होती. तिच्यासमोर तू लिहिलं आहेस, "काकवीच्या कढईची" आणि पुढे एक शब्द, मग "वर किसलेलं जायफळ". मधला शब्द मला लागत नाही. त्यावर ग्लासचं वर्तुळ उमटलं आहे, आणि ग्लास अर्थातच मी ठेवला असणार. 'खरड' आहे की 'खळ'? एवढा एक शब्द कळवलास तर बरं.

कादरभाई गेल्याचं कळलं होतं. त्या वेळी माझी तब्येत बरी नव्हती, म्हणून येणं झालं नाही. राहून गेलं.

बाकी ठीक. डॉक्टरांनी महिन्याला दोनच बाटल्या सांगितल्या आहेत, त्याही लहान. मी पाळते.

तुझी,
सुहासिनी

ता. क. वही आत्ताच कशाला काढली, असं विचारशील. सहज.

*

धायरी
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय खातून,

सहज नाही. पुस्तक निघतं आहे.

अक्षता नावाची एक मुलगी आहे, पस्तिशीची असेल. स्वतःचं छोटं प्रकाशन चालवते. आपल्या वहीवरून केलेली वेबसाइट ती पहिल्यापासून वाचत होती म्हणे. बिअरवर मराठीत असं कोणी लिहिलेलं नाही, आपण पुस्तक करू, म्हणाली. मी आढेवेढे घेतले, साधारण दीड मिनिट.

तिला प्रस्तावनेत सगळं सुरू कसं झालं ते हवं आहे. मी लिहिलं आहे, तेच इथे तुझ्याशी बोलल्यासारखं सांगते. माझी आठवण चुकत असेल तर दुरुस्त कर. तुला माहीत असलेलंच आहे, पण मला आताशा तुझ्याशिवाय ते नीट आठवत नाही.

डिसेंबर २०१२. नीरजा तेव्हा बेल्जियममध्ये गेंटला शिकत होती. सुट्टीला आली ती स्वेटरांत गुंडाळून सहा बाटल्या घेऊन. आपण दोघी तेव्हा हडपसरच्या लॅबमध्ये मसाले तपासत होतो. मी यंत्रांवर आणि तू समोरच्या वासाच्या टेबलावर, झाकलेल्या वाट्या घेऊन. हळदीत काय मिसळलंय ते सांगायला माझ्या यंत्राला चाळीस मिनिटं लागायची, तुला एक श्वास. साहेब दोन्ही रिपोर्ट मागवायचे आणि तुझ्यावर विश्वास ठेवायचे.

तू नीरजाला भेटायला आलीस, डब्यात पट्टीसमोसे घेऊन. तिने एक पांढुरकी, गढूळ दिसणारी बिअर फोडली. बिअर म्हणजे थंड असली की झालं, एवढीच माझी तोवरची समज. तू लांब सोफ्यावर होतीस. तिथूनच म्हणालीस,

"धणे कोणी आणले?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"ताजे कुटलेले धणे आहेत. आणि संत्र्याची साल. सुकवलेली."

नीरजाने बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली आणि खाली बसली. धणे. संत्र्याची साल. दोन्ही होतं.

मी चाचरत विचारलं, "तुला चालेल का गं, ग्लास जवळ घेतलेला?"

"पिणार नाही," तू म्हणालीस. "वास घ्यायला माझी ना नाही. दुसऱ्या कोणाची असेल तर त्याने आपलं नाक सांभाळावं."

त्या दिवसापासून दर शनिवारी दुपारी चारला आपली बैठक. कादरभाई तुला स्कूटरवरून फाटकाशी सोडायचे आणि विचारायचे, "शाळा किती वाजता सुटते?" मी गॅलरीतून ओरडायचे, "सहाला!" ते सव्वासहाला यायचे, आणि आपली तरीही अर्धी वही लिहायची राहिलेली असायची. नीरजाच्या मैत्रिणी येता-जाता बाटल्या आणायच्या. पुढे इथेही मिळू लागल्या, मग काय विचारता. कोरेगाव पार्क, मुंढवा, बाणेर, कुठेही नवी ब्रुअरी निघाली की आपण दोघी दुपारी तीनला तिथे हजर. सगळी टेबलं रिकामी आणि मधोमध साठीला टेकलेल्या दोन बायका. वेटरना वाटायचं भिशी आहे. तू लिंबूसोडा मागवायचीस, मी बिअर, आणि ग्लास आला की तू आधी तो ओढून घ्यायचीस. डोळे मिटायचीस. मी पेन्सिल धरून गप्प. तुझे डोळे उघडेपर्यंत प्यायचं नाही, हा आपला नियम होता. किती वेळा फेस बसून गेला असेल.

आणि मग तुझं सुरू व्हायचं. बाणेरच्या कडवट बिअरला, "हिरव्या पेरूचा देठ मोडला की येतो तो." बेल्जियमच्या आंबट लॅम्बिकला, "बंद कपाटात लिंबाचं लोणचं सांडलंय आणि आठ दिवसांनी कोणाच्या तरी लक्षात आलंय." मुंढव्याच्या मालकाने स्वतः आणून दिलेल्या खास बिअरला, "कुकरची रिंग." तो बिचारा पुन्हा आपल्या टेबलाकडे फिरकला नाही.

माझ्या डाव्या पानावर तेव्हा काय आहे सांगू? "बरी. कडवट. सहा."

परवा गॅलरीत बसून ही पानं वाचत होते. समोर आता दहा मजली इमारत झाली आहे, टेकडी दिसत नाही. पण वही उघडली की चार वाजतात.

पुस्तकात आभाराच्या पानावर तुझं नाव घालणार आहे. अगदी पहिलं.

तुझी,
सुहासिनी

*

धायरी
२ मार्च २०२५

प्रिय खातून,

तुझं कार्ड काल मिळालं. पोस्टकार्ड अजून मिळतात हे मला माहीत नव्हतं. त्यावर एकच शब्द: "खरवड." खाली सही नाही, वर 'प्रिय' नाही. पण तो 'ख' मी कुठेही ओळखेन.

खरवड. बरोबर. कढईच्या तळाला चिकटून राहते ती. मला कसं सुचलं नाही.

आभाराच्या पानाबद्दल तू अक्षर लिहिलं नाहीस. तुझ्या न लिहिण्याचा अर्थ मला कळतो. एका टेबलापलीकडे बावीस वर्षं काढली आहेत. तर आता जे प्रस्तावनेत लिहिलं नाही ते लिहिते.

नीरजाने वेबसाइट करून दिली तेव्हा टाइप करायचं काम माझं होतं. मी डावं आणि उजवं पान एकत्र करून टाइप करत गेले. वर नाव आलं, "लेखन: सुहासिनी घैसास". पहिल्याच दिवशी नीरजाने विचारलं होतं, "आई, खातूनमावशीचं नाव?" मी म्हणाले, "तिला नको असेल." तुला मी विचारलं नव्हतं. पाच वर्षांत एकदाही विचारलं नाही.

तू वेबसाइट बघत नसायचीस, आणि मला ते बरं वाटायचं.

मग नोव्हेंबर २०१८. बाणेरचा तो बिअर महोत्सव. मला स्टेजवर बोलावलं, मी बेल्जियमच्या ट्रिपेल बिअरवरचं वाचलं. अख्खं उजव्या पानावरचं होतं. लोक हसले, वा म्हणाले. सूत्रसंचालन करणारीने विचारलं, "मॅडम, हे शब्द तुम्हाला सुचतात कुठून?" तू तिसऱ्या रांगेत होतीस, हातात लिंबूसोडा. मी तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सवयीने."

टाळ्या झाल्या. तूही वाजवल्यास.

बाहेर फाटकाशी तू म्हणालीस, "चांगली सवय आहे तुझी."

मी म्हटलं, "अगं, तुझं नाव घेतलं असतं तर तुलाच त्रास झाला असता. तुमच्यात..."

"आमच्यात काय?"

"म्हणजे बिअर, स्टेज, फोटो. लोक काय म्हणतील?"

"माझे लोक तिकडे स्कूटर घेऊन उभे आहेत. ते काय म्हणतात ते सहा वर्षं तू दर शनिवारी ऐकतेस. तुला कुठले लोक म्हणायचेत?"

मी म्हणाले, "मी तुझ्या भल्यासाठीच..."

"माझ्या वतीने घाबरायला मी तुला सांगितलं नव्हतं," तू म्हणालीस. आवाज चढवला नाहीस. "तुला टाळ्या हव्या होत्या. तसं म्हणायचं. मी दिल्या असत्या."

आणि स्कूटरवर बसून गेलीस.

खातून, तुझ्या त्रासाची गोष्ट मी फाटकाशी उभ्या उभ्या शोधून काढली. स्टेजवर माझ्या मनात तुझा धर्म नव्हता, तुझी काळजी नव्हती. तिथे फक्त मी होते. आणि चूक झाकायला मला तुझा धर्मच सापडला. चोरीपेक्षा हे वाईट होतं. ते कळायला मला फार दिवस लागले नाहीत, पण मान्य करायला लागले.

दुसरं. कादरभाई गेले तेव्हा माझी तब्येत उत्तम होती. फेब्रुवारी २०२०. कळल्याबरोबर मी रिक्षाने बुधवार पेठेत आले. तुमच्या जिन्याशी चपलांचा ढीग होता, माणसं उभी होती. मी समोरच्या वायरींच्या दुकानापाशी थांबले. वीस मिनिटं तरी. दुकानदाराने विचारलं, "काय हवंय, बाई?" मी म्हणाले, "दोन सेल द्या." सेल घेतले आणि घरी आले.

कादरभाईंनी मला कधीही एका शब्दाने दुखवलं नव्हतं. त्यांच्या घराचा जिना मला चढता आला नाही, कारण वर तू होतीस.

आजपासून रोजे सुरू झाले असतील. तब्येत सांभाळ.

सुहासिनी

*

धायरी
२३ मार्च २०२५

प्रिय खातून,

या वेळी पत्राबरोबर पुस्तकाचं बाड पाठवते आहे, रजिस्टर्ड. कारण सांगते.

मागचं पत्र टाकून आले आणि थेट अक्षताकडे गेले. सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "उजवं पान काढलं तर काय उरतं?"

मी म्हटलं, "बरी. कडवट. सहा."

तिने फाइल मिटली. "मग त्यांना विचारल्याशिवाय मी छापणार नाही, ताई." मला तिचा राग आला. घरी येईपर्यंत टिकला.

मग वेबसाइटला हात घातला. दोनशे बारा नोंदी आहेत. प्रत्येक नोंद वहीवरून पुन्हा तपासली, तुझं वेगळं काढलं आणि त्यावर 'खातून तांबोळी' लिहिलं. अकरा दिवस लागले. तुला न विचारता तुझं नाव काढलं होतं, आता न विचारता घातलं, हेही मला दिसतं आहे. नको असेल तर सांग. पण या वेळी तू सांगशील, मी ठरवणार नाही.

काल शनिवारी दुपारी बाणेरलाच एका ब्रुअरीत अक्षताने वाचन ठेवलं होतं, आधीच ठरलेलं. चाळीसेक माणसं होती. तिने विचारलं, रद्द करू का? मी नको म्हटलं. उभी राहिले आणि सांगितलं, की हे शब्द माझे नाहीत. ज्या बाईचे आहेत तिने बिअरचा थेंब कधी तोंडात घेतलेला नाही. सहा वर्षांपूर्वी अशाच एका ठिकाणी मला विचारलं होतं तेव्हा मी खोटं बोलले, आणि ती समोर बसलेली होती.

मागून एका दाढीवाल्या तरुणाने विचारलं, "मग मॅडम, तुम्ही नक्की काय केलंत?"

"मी प्यायले," मी म्हटलं.

सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

नंतर घरी येऊन या महिन्यातली एक बाटली उघडली. म्हटलं, उजवं पान आपण लिहून बघावं. डोळे मिटले, वास घेतला. वास येतो गं. सगळा येतो. पण मी लिहिलं, "गोड. मसाल्याचा. छान." आणि पान फाडलं. तू डोळे मिटायचीस तेव्हा कुठेतरी जायचीस आणि परत येताना काहीतरी घेऊन यायचीस. मी नुसती डोळे मिटून बसले होते.

बाडावर हवं ते खोड. सगळंच खोडलंस तर पुस्तक निघणार नाही, तसं अक्षताला सांगून ठेवलं आहे. मला पुस्तक हवं आहे, हवं नाही असं म्हटलं तर पुन्हा खोटं होईल. पण त्या शनिवारांएवढं नको आहे.

सुहासिनी

*

विश्रांतवाडी
६ एप्रिल २०२५

सुहासिनी,

बाड मिळालं. रोज्यांमध्ये बिअरचं पुस्तक पोस्टाने पाठवणारी बाई साऱ्या पुण्यात तू एकटीच असशील. पोस्टमनने सही घेतली तेव्हा शबनमने विचारलं, "अम्मी, काय आलंय?" मी म्हटलं, ऑफिसचं काम. ईद होईपर्यंत कपाटात ठेवलं.

मग उघडलं तर शबनमनेच माझ्याआधी वाचलं. आमची सून कॉलेजात मराठी शिकवते, छापलेलं काही समोर दिसलं की तिला राहवत नाही. चिडली. बिअरवर नाही. म्हणाली, "अम्मी, या डाव्या पानवाल्या बाईंना वास येतच नव्हता का?" मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, फेस किती टिकला ते ती घड्याळ लावून बघायची.

एकतीस दुरुस्त्या आहेत. लाल पेनाने केल्या आहेत. 'धणे'चं तू सगळीकडे 'धने' केलं आहेस. लॅम्बिकला मी "आठ दिवसांनी" म्हटलेलं नाही, "चार दिवसांनी" म्हटलं होतं. आठ दिवसांनी लोणच्याचा वास वेगळा होतो. वहीत बघ.

आभाराच्या पानावर माझं नाव नको. आभार टेलरचे मानतात. नाव मुखपृष्ठावर हवं, तुझ्याएवढ्याच अक्षरात. कोणी काही म्हणालं तर मी बघेन.

आता एक गोष्ट, जी तुला माहीत नाही.

ह्यांना शेवटचे तीन महिने वॉर्डात ठेवलं होतं. तोंडाची चव पूर्ण गेली होती, जेवण नळीतून. दुपारी पडल्या पडल्या म्हणायचे, काहीतरी वासाचं सांग. मी घरच्या बिर्याणीचं सांगायला लागले तर म्हणाले, ते नको, जीव जातो. तुमच्या शाळेतलं सांग. मग मी आठवून आठवून एकेक बाटली सांगायचे. पेरूचा देठ. लोणच्याचं कपाट. कुकरच्या रिंगला इतके हसले की नळी हलली आणि नर्स मलाच ओरडली. माणूस जन्मात थेंब प्यायला नाही आणि शेवटचे तीन महिने बेल्जियममध्ये राहून आला.

रोज म्हणायचे, तिला फोन कर. मी म्हणायचे, तिने करावा. ते म्हणायचे, ती घाबरट आहे, तूच कर. मी केला नाही. तो माझा हिशेब, तुझा नाही.

ते गेले त्या दिवशी मी वर खिडकीशी होते. तुला रिक्षातून उतरताना पाहिलं. शेजारणीला म्हटलं, जागा करा, माझी मैत्रीण येते आहे. तू उभी राहिलीस. काहीतरी विकत घेतलंस. आणि गेलीस. शेजारीण दाराकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे.

स्टेजचं मी केव्हाच सोडून दिलं होतं, सुहासिनी. तुझा नंबर त्या दिवशी बंद केला.

तुझं तिसरं पत्र आलं नसतं तर हे मी कधीच लिहिलं नसतं. मी तुला पाहिलं नाही असंच तुला वाटत राहिलं असतं आणि मला ते बघत बसावं लागलं असतं. आता सांगून झालं. माफ केलं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा सांगेन. त्यासाठी पुस्तक अडवू नका.

पुढच्या रविवारी शहेजाद शबनमला घेऊन सासरी जाणार आहे. मी घरीच आहे. अकराच्या सुमारास ये. चौकात उतरलीस की फोन कर, आता लागेल. येताना काही आणू नकोस, बाटली नको, मिठाई नको, वहीसुद्धा नको. आमचा तिसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही.

सावकाश ये. मी दार उघडं ठेवते.

खातून